आत्याचा राग आणि काकूची साखर

आमच्या तेर गावातल्या बाकीच्या माणसांना राग येतो. माझ्या मित्राची आत्या मात्र रागातच राहते, जेवायला आणि झोपायला तेवढी बाहेर येते. धाराशिवची एसटी उशिरा आली तर ती कंडक्टरवर चिडते आणि लवकर आली तर जास्त चिडते. "येळेच्या आधी आली म्हंजे? आमी काय मागं पळत यावं व्हय?" टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईवर तिचा राग, कारण ती बाई मधे थांबत नाही आणि आत्याला उत्तर द्यायला जागाच मिळत नाही. मी गावातल्या सगळ्यांच्या नकला करतो. आत्याची करायची म्हणजे आधी दोन्ही हात कमरेवर, मग नाकातून एक लांब श्वास, आणि मग ज्याची काहीच चूक नाही असा माणूस शोधायचा. एकदा तिनंच मला रंगेहाथ धरलं. सगळी नक्कल बघून घेतली आणि म्हणाली, "कंबर आजून वाकडी कर. मी इतकी सरळ कुठं उभी राहते रं?"

ह्या रागाचं मुक्कामाचं ठिकाण म्हणजे तिची भावजय, माझ्या मित्राची आई. तिला मी काकू म्हणतो. नवरा गेल्यावर आत्या तरुणपणीच माहेरी परत आली, तेव्हापासून दोघी एका स्वयंपाकघरात आहेत आणि वरणात मीठ आधी का नंतर, हे अजून ठरलेलं नाही. त्यात काकूला साखर झाली. डॉक्टरनं सांगितलं, रोज चाला, नाहीतर रोज सुई टोचून घ्यावी लागंल. काकू सुईला इतकी भिते की शर्टाचं बटण लावायचं असलं तरी शेजारणीकडं पाठवते. आत्या आधी डॉक्टरवर चिडली. "चाला म्हणायला इतकी वर्षं शिकला व्हय ह्यो?" मग काकूवर चिडली, कारण काकू चालायला तयार नव्हती. "बिनकामाचं कुठं फिरू, वन्सं? लोक काय म्हणतील?"

इथं मात्र मलाबी राग येतो. गावातले गडी रोज सकाळी हात हलवत तेरणा नदीपर्यंत जातात, अर्धे तर नुसतं थुंकून माघारी येतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. बाई रिकाम्या हातानं दाराबाहेर पडली की अख्ख्या पाराला कामधंदा मिळतो.

तेवढ्यात एका संस्थेनं गल्लीगल्लीला थोडे थोडे पैसे द्यायचं काढलं. तुमच्या तब्येतीसाठी काय पाहिजे ते तुम्हीच ठरवा, तुम्हीच करा. एका गल्लीनं वजनकाटा घेतला. आपापलं वजन बघून सगळे घाबरले, आता त्याच्यावर कांदे तोलतात. आत्यानं आमच्या गल्लीतल्या बायांसाठी बूट घेतले आणि रोज सकाळी सगळ्यांनी मिळून चालायचं ठरवलं. दुकानदारानं गुलाबी बूट दाखवले तेव्हा ती म्हणाली, "आमी काय वरातीत नाचायलोत?" शेवटी काळे आणले.

ती पहिली सकाळ मी विसरणार नाही. बूट नवे, चावत होते. लाज वाटत होती म्हणून सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतलेले, माना खाली, कुणी कुणाशी बोलत नाही. आता आमच्याकडं बाया अशा रिकाम्या हातानं, घोळक्यानं, गप निघाल्या की त्याचा अर्थ एकच. चहावाल्यानं गाणं बंद केलं. पारावरच्या अण्णांनी टोपी काढली. पलीकडच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या पदर सावरत मागं येऊन मिळाल्या, आणि त्यातल्या एकीनं हुंदका सुरूबी केला, कोण गेलं ते पुढं विचारता येईल म्हणून. अण्णांनी हळूच विचारलं, "कोण गेलं वं?" आत्या कडाडली, "तुमची अक्कल." पण काकू तिथूनच माघारी फिरली. बूट काढून तांदळाच्या डब्यामागं ठेवले. "जित्तेपणी माझी मयत काढलीत, वन्सं. त्यापरीस टोचू दे सुई."

त्या दिवशी आत्या जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फर्मान काढलं, प्रत्येकीनं हातात रिकामी घागर घ्यायची. घागर दिसली की कुणी विचारत नाही. खरंच कुणी विचारलं नाही. काकूबी आली. महिनाभरात तिची साखर जरा उतरली, आणि आत्यानं त्याचंबी भांडण केलं, "जराशीच का?"

मग संस्थेच्या मॅडम बघायला आल्या. भली पोरगी होती, पण तिच्या डोक्यावर कुणीतरी साहेब असणार. हातात बॅनर. म्हणाली, "आत्या, घागरी बाजूला ठेवा ना. फोटोत वाटेल, तुमच्याकडे पाणीटंचाई आहे."

"मग काय वाटाया पाहिजे?"

"चालणं दिसलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी मदत देणार नाहीत."

"पाय दिसंनात व्हय त्यास्नी फोटोत?" आत्याचे हात कमरेवर गेले. "चालतंय कोण, आमी का बॅनर? घागर ठिवली की ही माझी वैनी घरात बसंल, मग तुमच्या सायबाला सांगा सुई टोचून घ्यायला."

मी म्हणालो, "आत्या, काढू द्या की एक फोटो."

"तू गप. तुझं चालणं म्हंजे गाडीला किक मारायपुरतं."

भांडण लांबलं. बाया उन्हात ताटकळल्या. काकू बराच वेळ नणंदेकडं बघत उभी होती. मग तिनं घागर आत्याच्या पायापाशी ठेवली, "तुमचं हुईपर्यंत ऊन चढंल, वन्सं," म्हणाली आणि एकटी चालू लागली. डोक्यावरचा पदरबी खाली आला होता. चहावाल्यानं हटकलं, "एकट्याच कुठं, काकू?" ती न थांबता म्हणाली, "साखर उतरवाया. तुमच्या चहानंच चढलीया." एकेक करून बाकीच्या घागरी खाली आल्या आणि सगळ्या तिच्या मागं गेल्या. मॅडमनं घाईघाईनं काढलेल्या फोटोत बाया नाहीतच. नुसत्या रांगेनं ठेवलेल्या घागरी, आणि मधे तोंड उघडं ठेवून आत्या.

पुढच्या वर्षी मदत आली नाही. बूट फाटले, काहींनी चपला घातल्या, चालणं सुटलं नाही. काकूला सुई अजून लागलेली नाही. आत्याचे गुडघे मात्र गेले. आता ती सकाळी दाराच्या पायरीवर बसते. मी शेजारी बसलो तर माझ्यावर चिडते, पण पहिल्यासारखं नाही, मधेच थांबते आणि रस्त्याकडं बघते. काल काकूला यायला उशीर झाला. आत्या सारखी उठायला बघत होती आणि गुडघ्याला हात लावून परत बसत होती. शेवटी वळणावर काकू दिसली, बायांशी हसत, झपाझप येणारी. आत्यानं पटकन तोंड फिरवलं.

"सांग तिला," ती मला हळूच म्हणाली, "इतकं भरभर चालू नकु म्हणावं. दमंल."