नॉर्मल आलेला रिपोर्ट

आम्ही पिंपरीत राहत होतो तेव्हाची गोष्ट. थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि आईचा घोगरा आवाज मोकळा झाला. तपासणीसाठी मुंबईच्या लॅबला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, तशी ती हरखली. "बरी झाले मी, आता गोळी कशाला?" म्हणत तिने ती परस्पर बंद केली. आम्हालाही ते पटलं.

काही महिन्यांनी ताईचं लग्न झालं. मंगलाष्टका आईच म्हणणार होती, पण पहिल्याच ओळीला तिचा आवाज फाटला. पुढच्या मामीने म्हटल्या.

"अहो, गोळीमुळेच रिपोर्ट नॉर्मल होता," डॉक्टर नंतर म्हणाले.

गोळीने आवाज परतला. ताई माहेरी आली की आई मंगलाष्टका गुणगुणायची आणि मध्येच गप्प व्हायची.