कॉम्प्युटरच्या पोटातले शब्द

बाबा ठाण्याच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आजीची बोली लिहून काढायला बसले. आजी मिठागरावर राबलेली, आता ती नाही. तिचे शब्द आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणाला कळत नाहीत. सहा वर्षं ते एका बोटाने टाइप करत होते. त्यांचा फॉन्ट फक्त जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि तो कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. मग मी तो अख्खा उचलून माझ्या लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन करून ठेवला. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, जसाच्या तसा. माजिवड्याच्या ऑफिसात मी हेच करते. सवयीने त्याला एन्क्रिप्शनही लावलं, म्हणजे पासवर्डचं कुलूप. घरात आम्ही दोघंच, आजीचे शब्द कोण चोरणार होतं? पण शहाणपणा अंगात मुरलेला!

बाबांनी पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली तेव्हा मी केवढी ओरडले. "असं उघड्यावर ठेवतात का? आणि दर तीन महिन्यांनी बदलायचा." त्यांनी मुकाट्याने चिठ्ठी फाडली.

यंदा मी नवा लॅपटॉप घेतला. त्यावर ते मशीन सुरूच होईना. त्याची कम्पॅटिबिलिटी, म्हणजे सॉफ्टवेअरशी जुळणारी आवृत्ती, एक पायरी खाली आणायची होती आणि त्याआधी एन्क्रिप्शन काढायचं होतं. मी पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा चूक.

"बाबा, पासवर्ड बदललात?"

"तूच सांगितलेलंस ना? मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बदलला. नोव्हेंबरात." ऑपरेशननंतर ते कॉम्प्युटरवर बसलेच नव्हते. "कॅलेंडरवर आहे बघ. सिलिंडर आला त्या तारखेखाली, नोंदीसारखा. कुणाला संशय नको." स्वतःच्या हुशारीवर ते खूश होते.

जुनं कॅलेंडर जानेवारीत मीच उतरवलं होतं, पानं डब्यांखाली अंथरायला. मी मांडणीवरचे सगळे डबे भराभर खाली काढले. अकरा पानं मिळाली. नोव्हेंबरच्या पानावर तेलाची बरणी लवंडली होती आणि ते पान मीच कचऱ्यात टाकलं होतं.

बॅकअपही नोव्हेंबरनंतरचा, त्याच कुलपाचा. पासवर्ड विसरला तर काय, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी ऐटीत सांगते, मग देवालाही उघडता येत नाही.

बाबांना सांगितलं. पासवर्ड त्यांनाही आठवत नव्हता. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "वही आण," एवढंच म्हणाले. "लिही. आगर."

मी लिहीत गेले. बाराव्या-तेराव्या शब्दाला ते थांबले. "पाणी ओसरलं की बांधावर पांढरा थर राहतो ना, त्याला आई काय म्हणायची..." मग माझ्याकडे वळले. "बाय, तू तर वाचलं असशील. तुला आठवतंय?"

मी हबकले. ती फाइल मी हलवली होती, जपली होती, कुलपात घातली होती. सहा वर्षांत एकदाही उघडून वाचली नव्हती.