मुलीला घाबरवायचं आहे, जागा सुचव

“क्वारंटाइन स्टेशन?” अश्विनीने फोनवर माझेच शब्द मला परत ऐकवले.

मी जीभ चावली. समुद्राकाठचं जुनं क्वारंटाइन स्टेशन, पूर्वी बोटीने आलेल्या आजारी लोकांना तिथे ठेवायचे. आता कंदील घेऊन भुतांची टूर करतात. सिडनीत हॅलोविनसाठी भीतीदायक जागा म्हटलं की आमच्या धंद्यात हेच आधी सुचतं. पण फोनवरची बाई नर्स, साडेतीन महिने कोविड वॉर्डात काढलेली. तिला मी हौसेने क्वारंटाइन विकत होते!

“अगं, तिथे मी रोजच जाते,” ती म्हणाली. “दुसरं काहीतरी बघ ना.”

मी पेंडल हिलला एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत आहे. दीड वर्ष आम्ही बुकिंग केली कमी आणि रद्दच जास्त केली. लॉकडाउन उठल्यावरचं हे पहिलं काम, म्हणून मी जरा जास्तच उडत होते. आधी विचारायला हवा होता तो प्रश्न आता विचारला.

“भुताटकीच का गं? दिवाळी तोंडावर आहे.”

मग तिने सांगितलं. स्कोफिल्ड्सच्या घरात ती साडेतीन महिने गॅरेजमध्ये राहिली. नवरा दाराशी डबा ठेवायचा. आठ वर्षांची सई काचेतून हात हलवायची.

“लांब राहा, हे आम्हीच तिला शिकवलं. आता मी घरात आलेय, तरी ती लांबच. जेवताना एक खुर्ची सोडून बसते. जवळ घ्यायला गेलं की ‘आय ॲम फाइन, मम्मा.’ मेधा, ती घाबरली ना, की सगळ्यांना सोडून माझ्याकडे धावायची. मला ती एकदा घाबरायला हवी आहे.”

पंधरा वर्षांत असली मागणी ऐकली नव्हती. रोस्टरवर तिला दोनच दिवस सुट्टी होती, हॅलोविनचा रविवार आणि त्यानंतरचा सोमवार. पुढची सुट्टी नाताळानंतर.

मी सिडनीबाहेरचं एक ओसाड पडलेलं सोन्याच्या खाणीचं गाव शोधलं. जुना तुरुंग, दफनभूमी, सगळं यथासांग. खोली बुक केली, अश्विनी खूश. आणि सरकारने जाहीर केलं, सिडनीकरांना रिजनल भागात, म्हणजे महानगराच्या हद्दीबाहेर, प्रवास सोमवारपासून. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी! एका दिवसाने घोडं अडलं. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

माझा बॉस हरप्रीत शेजारीच होता. “छोड़ यार मेधा. क्रेडिट नोट दे दे, अगले साल चले जाएँगे.”

“अगले साल तक वो लड़की माँ के बिना सोना सीख जाएगी,” मी म्हणाले.

तो स्वतःची खुर्ची ओढून बसला. “नक्शा निकाल.”

हद्द पोस्टकोडवर नव्हती, कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या नगरपालिकेवर होती. आम्ही बोट ठेवून रेषा तपासत गेलो. ब्लू माउंटन्सचं अख्खं कौन्सिल हद्दीच्या आत होतं. डोंगरावरच्या माउंट व्हिक्टोरियापर्यंत आत, तिथून घाट उतरला की बाहेर. माउंट व्हिक्टोरियातच शंभर वर्षांपूर्वीचं एक गेस्टहाउस होतं, जिने करकरणारं. एकच फॅमिली रूम, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या नावावर ‘होल्ड’. म्हणजे पाच वाजेपर्यंत त्यांनी नक्की केलं नाही, तर सुटणार.

पाचला एक मिनिट कमी असताना मी फोन लावून बसले. “यू आर इन लक, मेट,” पलीकडचा म्हणाला. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला मराठीतच थँक्यू म्हणाले.

अश्विनीचे सासरे नाना कोविडच्या आधी दोन महिन्यांसाठी रत्नागिरीहून आले होते आणि विमानं थांबल्यामुळे इथेच अडकले होते. त्यांनी बजावलं, “दुसऱ्या दिवशी वसुबारस आहे. भुतंखेतं बघायला मी येणार नाही!” पण घरी एकट्याला कोण ठेवणार? तेही गेले.

सोमवारी दुपारी परतीच्या वाटेवरून अश्विनीचा फोन आला. माझा जीव टांगणीला.

“गेस्टहाउस एकदम फुसकं निघालं,” ती म्हणाली. “सई म्हणे, सो बोरिंग.”

माझा चेहराच पडला.

“मग नानांना आला राग. म्हणाले, हे कसलं भूत? भूत आमच्या विहिरीवरचं! आणि जेवणानंतर त्यांनी मुंजाची गोष्ट सुरू केली. पिंपळ, ओली पावलं, सगळं. सईला अर्धं मराठी कळत नाही, पण नानांचा आवाज कळला ना.”

“मग?”

“मग काय! माझ्या पांघरुणात शिरली. ‘मम्मा, मूव्ह ओव्हर.’ सकाळपर्यंत माझा हात सोडला नाही. मेधा, माझा हात आखडून गेला गं.” आणि ती हसता हसता रडायला लागली. मीही.

मागून सईचा आवाज आला, “नाना, टेल इट अगेन!”

तेव्हापासून मी ‘कुठे जायचंय’च्या आधी ‘कशासाठी’ हे विचारते. भुताची हमी मात्र देत नाही. ते ज्याने त्याने घरून आणावं.