शोभाताईंच्या जिभेवरची गाठ

“मॅडम, हो म्हणा नाही तर नाही म्हणा. हे ‘बहुतेक’ मला चालत नाही,” डॉ. मोहरील फोनवर म्हणाले. “ऑपरेशनसाठी ओटी बुक झालीय. बाई उद्या ॲडमिट होतेय.”

“माझ्याकडे सध्या ‘बहुतेक’च आहे.”

“स्लाइडवर कॅन्सर दिसतोय ना?”

“दिसतोय.”

“मग अडलं कुठे?”

ते मलाही धड सांगता येत नव्हतं. “थोडा वेळ द्या,” एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. नागपूरच्या धंतोलीत माझी लॅब आहे. आजूबाजूला इतकी हॉस्पिटलं आहेत की अख्ख्या विदर्भातल्या गाठी आमच्या गल्लीत येतात. शेजारीपाजारी मला रक्त-लघवी तपासणारी डॉक्टरीण समजतात. पण माझं मुख्य काम बायोप्सीचं. सर्जन गाठीचा तुकडा पाठवतो. आम्ही तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतो, त्याचे अगदी पातळ काप काढतो, त्यांना रंग देतो. मग मी मायक्रोस्कोपखाली बघते आणि ती गाठ कसली ते लिहून सही करते. पुढचं ऑपरेशन त्या सहीवर ठरतं. पेशंट मला सहसा भेटत नाही. भेटायची गरजही पडत नाही.

ही केस शोभाताईंची होती. कोराडीजवळच्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका. वय पंचेचाळीसच्या आसपास. जिभेवर गाठ आली म्हणून त्यांनी कुठेतरी बायोप्सी करून घेतली होती आणि तिथल्या लॅबने कॅन्सरचा रिपोर्ट दिला होता. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. ऑपरेशनसाठी त्या डॉ. मोहरीलांकडे आल्या. मोहरील कॅन्सर सर्जन. बाहेरच्या रिपोर्टवर ते सुरी उचलत नाहीत. स्लाइड आणि ब्लॉक आधी मला पाठवतात. ऑपरेशन मोठं होतं. जवळजवळ अर्धी जीभ जाणार, मानेतल्या गाठी निघणार, मग कदाचित रेडिएशन. ज्या बाईचा दिवस पोरांना गाणी शिकवण्यात जातो, तिची अर्धी जीभ.

नागपुरात तोंडाचा कॅन्सर नवलाचा नाही. इथे खर्रा चालतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून बनवतात आणि लोक तो दिवसभर गालात धरतात. त्यामुळे स्क्वॅमस कार्सिनोमा मी इतका बघितलाय की चहा पितापिता ओळखेन. शोभाताईंची स्लाइडही तशीच वाटली. अस्तराच्या पेशी बोटांसारख्या खाली घुसल्या होत्या. मधूनमधून केराटिनचे गोल मोती. पुस्तकात छापतात तसं चित्र. मी सही करायला पेन उचललं आणि मोहरीलांचं एक वाक्य आठवलं. स्लाइड पाठवताना ते म्हणाले होते, “नवल आहे, बाई कशालाच हात लावत नाही म्हणते. खर्रा नाही, तंबाखू नाही, सुपारी नाही.”

व्यसन नसलेल्यांनाही हा कॅन्सर होतो. तरी मी पेन ठेवलं आणि स्लाइड पुन्हा लावली.

आता बघितलं तर ती बोटं जरा जास्तच शिस्तीची वाटायला लागली. कॅन्सरच्या पेशी वेड्यावाकड्या असतात. लहानमोठ्या, काळ्याकुट्ट केंद्रांच्या. या पेशी घुसल्या होत्या, पण एकसारख्या होत्या. शिवाय तुकडा फार वरवरचा होता. खाली जिभेचा स्नायू दिसायला हवा, तो नव्हताच. अगदी तळाच्या काठावर फिकट गुलाबी, फुगीर अशा काही पेशी चिरडलेल्या दिसत होत्या. तो चेंगरलेला स्नायू असेल किंवा साफसफाई करणाऱ्या पेशी असतील. काहीच नसेल असंही वाटत होतं.

ब्लॉकमधून आणखी काप काढायला सांगितले. त्या कापांत तुकडाच संपला. नव्या कापांत गुलाबी पेशी नव्हत्या, फक्त बोटं होती.

एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीला स्लाइड दाखवली. ती म्हणाली, “मी तर कार्सिनोमा म्हणून सही केली असती.” मग पुन्हा डोळा लावून म्हणाली, “पण तू विचारतेयस म्हणजे मलाही आता नक्की सांगता येत नाहीये.” झालं. एक गोंधळलेली होती, आता दोघी झालो.

माझ्या मनात काय होतं ते सांगते. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर नावाची, अशाच फिकट, फुगीर, रवाळ पेशींची एक दुर्मिळ गाठ असते. ती नसांभोवतीच्या आवरणातून निघते आणि जिभेवर यायला तिला आवडतं. बहुतेक वेळा साधी असते. पण तिची एक खोड आहे. ती ज्या अस्तराखाली वाढते ते अस्तर चेकाळतं आणि खाली बोटं सोडतं. दिसायला हुबेहूब कॅन्सर. तुकडा वरवरचा घेतला तर फक्त ही बोटंच हाती येतात, खरी गाठ खालीच राहते. मला तसं वाटत होतं, पण वाटण्यावर सही करता येत नाही. उलट बाजूही होती. हा खरा कॅन्सर असला आणि मी शंका काढत बसले, तर उशिराचं पाप माझ्या माथी.

मोहरीलांना फोन केला. “मला पेशंट बघायचाय.”

“तुम्हाला? पेशंट?” ते हसले. “या, उद्या सकाळी.”

त्यांचं क्लिनिक माझ्या लॅबपासून चालत जाण्याइतकं. शोभाताई खुर्चीत बसल्या होत्या, उंच, काटक, पदर नीट खोचलेला. शेजारी त्यांचे मिस्टर, रमेशभाऊ. ते पॉवर स्टेशनमध्ये नोकरीला. मी ग्लव्ह घालून जीभ चाचपली. गाठ जिभेच्या पाठीवर, साधारण मधोमध होती. टणक, सुपारीएवढी. वरचं अस्तर मात्र सलग. जखम नाही, चिघळलेलं काही नाही. जिभेचा कॅन्सर बहुधा कडेला येतो आणि लवकर फुटतो.

“किती दिवसांपासून आहे?” मी विचारलं.

“दोनेक वर्षं झाली असतील,” शोभाताई म्हणाल्या. “दुखत नव्हती, म्हून लक्ष नाही दिलं.”

“आणि तंबाखू वगैरे?”

“नाही जी. मीच तर बायांले सांगत असतो, तंबाखू खाऊ नका म्हून.”

मी मोहरीलांना बाजूला घेऊन म्हटलं, “खोल तुकडा हवाय मला. स्नायू येईल इतका खोल.”

रमेशभाऊंनी ऐकलं. “पुन्हा तुकडा? मॅडम, मले समजून नाही राहिलं. एक रिपोर्ट म्हणते कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात कापा. तुमी म्हणता थांबा. आमी कोनाचं आयकाचं?”

“मलाही अजून समजलेलं नाही, रमेशभाऊ. म्हणूनच तुकडा मागतेय.”

“अन् टोचून टोचून फैलला तं?”

“तुकडा घेतल्याने तो पसरत नाही. चुकीचं ऑपरेशन झालं तर मात्र जीभ परत येत नाही.”

ते खुर्चीत मागे टेकले. पटलं होतं म्हणून नाही, थकले होते म्हणून. मोहरील कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “विचार करून दुपारी सांगतो.”

दुपारी मोहरीलांच्या आधी शोभाताईच आल्या. एकट्या, माझ्या लॅबमध्ये. मिस्टरांना औषधाच्या दुकानात पाठवून आल्या होत्या.

“मॅडम, एक सांगाचं होतं,” त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघितलं. मी दार लावून घेतलं.

“मी गुडाखू लावतो.”

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी पेस्ट. दात घासायच्या नावाखाली बाया ती हिरड्यांवर चोळतात. नशा तंबाखूचीच.

“केव्हापासून?”

“लगनाच्या आधीपासून. माहेरी गोंदियाकडं सगळ्याच लावत. सकाळी अन् दुपारी. यांले माहीत नाही. अंगणवाडीत कोनालेच माहीत नाही. पोस्टर मीच लावतो ना भिंतीवर, तंबाखूचं.” त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. “तुमी इतकं इचारलं सकाळी, मले घरी जाऊनबी चैन नसती पडली. माह्या खोट्यानं तुमचं कामच उलटं झालं तं?”

मी त्यांना पाणी दिलं. त्या गेल्यावर खुर्चीत बसून राहिले. माझी शंका जिथून सुरू झाली ते वाक्यच खोटं निघालं होतं. तंबाखू आहे, वर्षानुवर्षं आहे, आणि स्लाइडवर तंबाखूचा कॅन्सर दिसतोय. सरळ गोष्ट होती. मीच ती वाकडी करत बसले होते का?

डॉक्टरांपासून हे लपवता येणार नव्हतं आणि तसं मी शोभाताईंना सांगितलंही होतं. मोहरीलांना फोन केला.

“घ्या!” ते म्हणाले. “आता काय राहिलं? लोकेशन जरा वेगळं, पण हिस्टरी पॉझिटिव्ह, स्लाइड पॉझिटिव्ह. मी ओटी कन्फर्म करतो.”

 मायक्रोस्कोपवर तीच स्लाइड होती. फोन कानाला धरूनच मी पुन्हा डोळा लावला. शोभाताई खरं बोलल्या होत्या म्हणून स्लाइडवरची एकही पेशी बदलली नव्हती. बोटं तितकीच शिस्तीची होती. तळ तसाच गायब होता.

“डॉक्टर, हिस्टरी सोडून द्या. समजा, मला काहीच माहीत नाही. ही स्लाइड वरवरची आहे. तिच्यात स्नायूपर्यंतची घुसखोरी सिद्ध होत नाही. ॲडिक्वेट नाही असंच मी लिहून देणार. त्यावर अर्धी जीभ काढायची तर तुमच्या जबाबदारीवर काढा.”

 इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते.

“चिडू नका हो,” ते म्हणाले. “उद्या लोकल भूल देऊन खोल तुकडा घेतो. पण रिपोर्ट लवकर द्या. आणि या वेळी बहुतेक नको.”

तुकडा आला तो चांगला पाचरीसारखा, खाली स्नायूचा लाल पट्टा दिसत होता. स्लाइड तयार झाल्यावर मी आधी वरचा भाग बघितलाच नाही. थेट तळ गाठला. तिथे त्या होत्या. मोठ्या, फिकट गुलाबी, आतून रवाळ पेशी, स्नायूच्या धाग्यांमधून ओळीने पसरलेल्या. सगळ्यांची केंद्रं बारीक आणि शांत. आणि त्यांच्या वर छत्रीसारखं ते चेकाळलेलं अस्तर. एस-हंड्रेड नावाची एक खास तपासणी असते, तिच्यात नसांच्या आवरणाकडच्या पेशी तपकिरी होतात. या पेशी गडद तपकिरी झाल्या.

ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. मी मोठ्याने म्हटलं. लॅबमध्ये ऐकायला कोणी नव्हतं.

मोहरील खूश झाले, पण सर्जनचा पुढचा प्रश्न तयारच असतो. “गुडाखूवाली बाई आहे. खाली ही गाठ आणि वर खरा कॅन्सर, दोन्ही एकदम असले तर?”

फार विरळा, पण अशक्य म्हणता येईना. मी पुन्हा गोंधळले. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं. जीभ ठेवायची. गाठ तेवढी, भोवतीची थोडी कड धरून काढायची. आणि काढलेला सगळा तुकडा मी कापून कापून बघायचा, काही शिल्लक न ठेवता.

तो बघताना मी एकच गोष्ट शोधत होते. बोटं कुठे संपतात? प्रत्येक स्लाइडवर उत्तर तेच आलं. खाली रवाळ पेशी होत्या तिथे वर बोटं होती. रवाळ पेशी संपल्या की अस्तर सपाट, साधं. कडेला कुठेही कॅन्सरची चाहूल नाही. वरचं सगळं खालच्या गाठीनेच करवलेलं होतं. कडा मोकळ्या होत्या, म्हणजे गाठ पूर्ण निघाली होती. मी रिपोर्टवर सही केली. त्यात बहुतेक हा शब्द नव्हता.

रिपोर्ट न्यायला दोघं आले. शोभाताई अजून थोड्या जड बोलत होत्या, पण बोलत होत्या. रमेशभाऊंनी कागद उलटसुलट केला.

“म्हंजे कॅन्सर नाही?”

“नाही. गाठ साधी होती, पूर्ण निघाली. डॉक्टर सांगतील तसं दाखवत राहायचं.”

“मंग पयला रिपोर्ट खोटा होता काहो?”

“खोटा नव्हता. त्यांच्या हाती वरचा पापुद्रा आला, त्यांनी पापुद्र्याचा रिपोर्ट दिला. मीही तेवढ्यावर तेच लिहायच्या बेतात होते.”

ते मान हलवत राहिले. मग बायकोकडे वळून म्हणाले, “ते गुडाखूचं मले सांगतलं हिनं, मॅडम. दवाखान्यात भरती होती तवा. मी म्हटलं, काहून लपवलं वं इतकी वर्षं? तं म्हणते, तुमचा खर्रा मले दिसत होता, माहा गुडाखू तुमाले दिसत नव्हता, एवढाच फरक.”

शोभाताई खाली बघून हसल्या. “आता दोघांचाबी बंद आहे,” त्या म्हणाल्या. “आजपोत्तर तरी.”

पुढे एकदा मोहरीलांनी ही केस डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये मांडली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. एका तरुण डॉक्टरने विचारलं, “मॅडम, तुम्हाला शंका कशावरून आली?” पेशींची शिस्त, गाठीची जागा, तळाच्या गुलाबी पेशी असं बरंच काही मला सांगता आलं असतं, आणि ते सगळं खरंच होतं. पण आधी आली होती ती शंका पेशंटच्या एका खोट्या वाक्यावरून. तसं सांगितल्यावर लोक हसले. त्यांना मी विनोद केला असं वाटलं.

मीटिंगनंतर चहा घेताना मोहरीलांनी हळूच विचारलं, “दुसरा तुकडाही वरवरचाच आला असता, तर तुम्ही काय लिहिलं असतं?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.

अजूनही माहीत नाही. म्हणून जिभेच्या प्रत्येक बायोप्सीला मी सर्जनला फोन करते आणि एकच सांगते, तुकडा लहान असला तरी चालेल, पण खोल घ्या. काही जण वैतागतात. वैतागू देत.