ओसरीवरची रेस

आमच्या घरात घोडा कधीच नव्हता, गावातही नव्हता. वरातीला लागला तर वडनेरहून मागवावा लागे. तरी लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी घोडे पळत होते. माझ्या सासऱ्यांना रेसच्या रहस्यकथांचं वेड होतं. महिन्याकाठी ते शेगावला दर्शनाला जात आणि येताना स्टेशनावरच्या पुस्तकवाल्याकडून नवं पुस्तक घेऊन येत. "महाराजाच्या पाया पडाले जातात का घोड्याच्या, तेच जाने," असं सासूबाई स्वयंपाकघरात म्हणत, बाहेर नाही.

सगळी पुस्तकं एकाच लेखकाची. त्याचं नाव मी घेणार नाही. तो माणूस काय खात होता कोण जाणे, पण जुनं संपतं न संपतं तोच त्याचं नवं हजर. दरवेळी तीच रेस, तोच तबेला, जिंकायलाच हवा असा घोडा हरतो आणि सकाळी गवताच्या गंजीमागं कुणीतरी मरून पडलेलं सापडतं. शिकलेले लोक अशा पुस्तकांना नाकं मुरडतात. मुरडोत. मी माजघराच्या दाराआड बसून ती ऐकली, दुपारी चोरून पुन्हा वाचली आणि त्यांच्यावर जीव टाकला. नव्या सुनेला त्या घरात दुसरं सुख तरी कुठलं होतं?

सासरे वाचत छान, आवाज खणखणीत. ओसरीवर शेजारपाजारचे दहाबारा जण, गडीमाणसं आणि आमचा धुरकरी जमत. धुरकरी म्हणजे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा. आमच्याकडं पटाची नामी जोडी होती आणि हा तिच्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावत नसे. इथल्या कुणीच रेसकोर्स पाहिलेला नव्हता. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पटच असायचा. एकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मालक, एका घोड्यावर एकच मानूस म्हन्ता. मंग जोडीचा दुसरा घोडा कुठी असते?" सासरे हसले आणि ते पुढं वर्षभर त्याला 'दुसरा घोडा' म्हणत राहिले.

सासऱ्यांची रीत ठरलेली होती. पुस्तक ते आधी एकटे वाचून काढत. मग रोज एक प्रकरण ओसरीवर. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं आणि एकेकाला विचारायचं, "सांग, कोनं केलं?" ज्याचा अंदाज चुकेल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, "मी बैल हाये." म्हाताऱ्यांनीसुद्धा म्हणायचं. आत बसून आम्ही बायका पदर तोंडात कोंबून हसत होतो. ज्या घरात पोळ्याला बैलाच्या पाया पडतात त्याच घरात माणसाला बैल म्हणून हिणवायचं, यात कुणाला काही वाटत नव्हतं. सासऱ्यांना तर दुसऱ्याची मान खाली गेल्याशिवाय जेवण गोड लागत नसे.

धुरकरी बहुतेक वेळा चुकायचा, कारण तो जॉकीचं नाव कधीच घेत नव्हता. घोडा हरला, सगळा संशय जॉकीवर आला, तरी हा म्हणायचा, "जॉकी नाही करनार, मालक. घोडा त्याचा हात ओयखते." आणि त्या लेखकाला जॉकीलाच दोषी ठरवायची खोड होती. म्हणून हा सारखा बैल व्हायचा. उभा राहायचा, म्हणायचं ते म्हणायचा आणि खाली बसायचा.

त्या वर्षी संक्रांतीनंतर शेजारच्या गावचा पट ठरला. समोर त्याच गावच्या पाटलाची जोडी होती, त्याचं आणि आमच्या सासऱ्यांचं जुनं वाकडं. त्याच दिवसांत ओसरीवर एक फार रंगलेलं पुस्तक चाललं होतं. त्यात एका नामांकित घोड्याला रेसच्या आदल्या रात्री तबेल्यात शिरून कुणीतरी काहीतरी पाजतं. घोडा निम्म्यात थांबतो आणि जॉकीनं पैसे खाल्ले म्हणून लोक त्याला दगड मारतात. पुस्तक तिथवर आलं होतं, फक्त शेवटचं प्रकरण उरलं होतं. नेहमीसारखा प्रश्न झाला. सगळ्यांनी जॉकी सांगितला, धुरकरी एकटा म्हणाला, "जॉकी नाही."

"पाहू. पट होऊ दे, मंग वाचतो," सासरे म्हणाले.

पण पुस्तक त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. पटाच्या दोन दिवस आधी त्यांनी जोडी गोठ्यातून सोडवून कापसाच्या खोलीत नेली. आत कापसाचा ढीग, वर एक झरोका. बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला. चारापाणी ते स्वतः आत ठेवणार. धुरकरी रोज बैलांच्या पायाशी झोपत असे. तो हात जोडून म्हणाला, "मालक, मले तं आत झोपू द्या. त्याईले सवय हाये."

"पुस्तकात कोन करते? जवळचाच मानूस करते. तू दूरच राह्य."

दोन रात्री आतून हंबरडे ऐकू येत होते. मी दाराजवळून जाताना कापसाची धूळ माझ्याही नाकात जायची. सकाळी सासरे दार उघडत तेव्हा आत ठेवलेला चारा तसाच्या तसा दिसायचा. हे मला दिसत होतं, सासूबाईंना दिसत होतं, गड्यांना दिसत होतं. बोललं कुणी नाही. त्या घरात बोलणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

पटात जोडी निघाली आणि निम्म्यात थांबली. डावा बैल खोकत गुडघ्यावर बसला. धुरकऱ्यानं उडी मारून त्याचं तोंड कुशीत घेतलं. लोक हसले. समोरच्या पाटलानं आमच्या सासऱ्यांकडं पानाचा डबा पुढं केला म्हणे. तो त्यांना हरण्यापेक्षा जास्त झोंबला.

संध्याकाळी ओसरीवर कुणाला बोलवावं लागलं नाही. सासरे खुर्चीत बसले. खाली सगळं गाव, एका कडेला धुरकऱ्याची बायको. पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणात असतो तसा दरबार त्यांनी मांडला. एकेकाला उठवलं, रात्री कुठं होतास, काय पाहिलंस, असं साहेबी थाटात विचारलं. मनातून त्यांना मजा येत होती, हे मी दाराआडून पाहिलं. हरलेला माणूस असा बसत नाही. शेवटी धुरकऱ्याला उभं केलं.

"किती घेतले त्या पाटलापासून?"

"मी नाही घेतले, मालक."

"जोडी निम्म्यात काऊन बसली मंग?"

धुरकऱ्यानं सासऱ्यांच्या कमरेकडं पाहिलं. किल्ली तिथंच होती. सगळ्यांनीच तिकडं पाहिलं असेल. मग तो एवढंच म्हणाला, "शेवटलं वाचा ना, मालक. पुस्तकाचं."

"वाचाचं काय राह्यलं त्यात? जॉकीच निंगला. मी वाचलं हाये."

त्या गावात तेवढं पुरेसं होतं. पुस्तकात जॉकी निघाला, म्हणजे इथंही तोच. मान हलवत लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. पटाचा फेटा आमच्या घरचा होता. तो त्याला बायकोसमोर डोक्यावरून काढायला लावला, आणि वर म्हणायला लावलं, "मी बैल हाये." तो म्हणाला. बायको उठून त्याच्या आधीच घराकडं चालू लागली. पुढं पंचक्रोशीत त्याच्या हाती कुणी जोडी दिली नाही, आणि महिन्याभरात त्यानं गाव सोडलं.

काही दिवसांनी मी सासऱ्यांची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली ते पुस्तक होतं. फळीवरच्या बाकीच्या पुस्तकांत न ठेवता इथं काऊन, म्हणून मी उन्हातच उभी राहून शेवटचं प्रकरण वाचलं. जॉकी निर्दोष होता. घोड्याच्या मालकानंच दुसऱ्या घोड्यावर पैसे लावून आपल्या घोड्याला पाजलं होतं. तबेल्याची किल्ली रात्रभर मालकाच्याच खिशात होती, त्या एकाच गोष्टीवरून तो पकडला गेला. आमच्या सासऱ्यांनी हे सगळं वाचलेलं होतं, वाचून ते खुर्चीत बसले होते. माझ्या अंगाची लाही झाली. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुस्तक हाये ते. चूप बस." मी चूप बसले आणि पुस्तक माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी टाकलं.

वर्षं गेली. सासऱ्यांचे डोळे मोतीबिंदूनं गेले. नवी पुस्तकं येतच होती, तो लेखक काही थांबला नव्हता, पण वाचणार कोण? नवऱ्याला दोन पानांत झोप येई. शेवटी सासऱ्यांनीच मला ओसरीवर बसवलं. सून पुरुषांसमोर बसून वाचते याचं गावाला आधी नवल, मग कौतुक. मी वाचू लागले आणि मला ते फार आवडलं. आवाज माझाही बरा होता. कुठं थांबायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

एका संध्याकाळी मी ट्रंकेतलं पुस्तक काढलं. पहिलं पान झालं न झालं तोच सासरे म्हणाले, "हे नको. हे झालं हाये."

"शेवट नाही झाला, मामाजी," मी म्हणाले.

लोकांना ऐकायचंच होतं. "होऊ द्या, मालक," म्हणाले. मी रोज एक प्रकरण वाचलं, घाई केली नाही. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी ओसरी भरलेली होती. त्यातले निम्मे त्या दरबाराला हजर होते. मी वाचत गेले. "किल्ली मालकाच्या खिशात होती" या वाक्याला आले आणि ते सावकाश, दोनदा वाचलं. एक म्हातारा खाकरला. 'दुसरा घोडा' म्हणाला, "म्हंजे जॉकी नव्हता तं."

"बस कर," सासरे म्हणाले.

मी पुस्तक संपवलं, मिटलं आणि म्हणाले, "मामाजी, तुमचा अंदाज चुकला."

पुढं काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते उठले. खांबाला धरून उभे राहिले. मग ते भिंत चाचपत आत गेले. कुणी हात द्यायला उठलं नाही, मीही उठले नाही. त्यानंतर ते ओसरीवर आले नाहीत. खोलीत पडून राहिले आणि पुढच्या उन्हाळ्यात वारले. लोक मला म्हणाले, किती वाचून दाखवलं सासऱ्याला, भाग्यवान होता. मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्यांचं तेरावं झाल्यावर मी शेगावला गेले. धुरकरी तिथं स्टेशनावर टांगा हाकतो, हे मला कळलं होतं. दर्शन नंतरही झालं असतं, मी आधी त्याला शोधलं. मरतुकडी घोडी, तुटकी गादी. इतकी पुस्तकं वाचली, पण माझ्या सगळ्या गोष्टीतला खरा घोडा म्हणावा तर तोच एक. त्यानं मला ओळखलं. बसा म्हणाला, आणि टांगा चालू झाल्यावर मान न वळवता विचारलं, "बाई, त्या पुस्तकात कोन निंगला होता हो?"

इतकी वर्षं हा त्याचसाठी थांबला होता. मला वाटलं, आता याचं ओझं उतरेल. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मालक. जॉकी नव्हता. मी ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलं."

"मंग मी जितलो होतो तं," तो म्हणाला. मग विचारलं, "माही बायको होती काय आयकाले?"

मी म्हणाले, ती कशी असेल? ती तुझ्याजवळ नाही का?

"मेली. चार सालं झाले. मरेपावतर एकच इचारत होती. म्हने, आता तं चालली मी, आता तरी सांगा, ते पटाचे पैसे कुठी पुरले?"

मंदिरापाशी त्यानं टांगा थांबवला, खाली उतरला आणि मी नीट उतरेपर्यंत घोडीचं तोंड धरून उभा राहिला.