तिसरी प्रत सिन्नरला

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दळणाचा डबा घेऊन दारातून बाहेर पडत होते. "शालूताई, हे उठत नाहीत हो..." वहिनी एवढंच म्हणाल्या. डबा तिथेच उंबऱ्यावर ठेवून मी नाशिकची गाडी पकडली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ दिनकर, झोपेतच गेला होता. दवाखाना नाही, अंथरूण धरणं नाही. आलेगेले सगळे म्हणत होते, भाग्यवान माणूस. असेलही. पण त्याच्या उशाशी बसून रडता रडता माझी नजर सारखी खिडकीजवळच्या टेबलाकडे जात होती, कापडानं झाकलेल्या त्याच्या कॉम्प्युटरकडे. आईचं सगळं बोलणं त्याच्यात होतं. भाऊ समोर गार पडलाय आणि मी कॉम्प्युटरचा विचार करतेय, याची मला त्या वेळी फार लाज वाटली होती. आज दीड महिन्यानं ते लिहून टाकते आहे, कारण मधल्या काळात जे घडलं त्यानं मनावरचं ओझं पुष्कळ उतरलंय.

आमचं मूळ गाव देवळ्याकडचं. आई अहिराणी बोलायची, आणि शेवटपर्यंत तेच बोलली. मी सिन्नरला शाळेत शिक्षिका झाले आणि माझी जीभ शहाणी झाली. आई माझ्याकडे राहायला आली की मी तिला चारचौघांत टोकायची, "आई, 'शे' काय म्हणतेस, 'आहे' म्हण ना." ती मुकाट्यानं 'आहे' म्हणायची, आणि मग फारसं बोलायचीच नाही. दादानं मात्र तिला कधी सुधारायला घेतलं नाही. तो सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होता. साहेब बोलेल ते जसंच्या तसं कागदावर उतरवण्यात त्याचा जन्म गेलेला. तो निवृत्त झाल्यावर आई त्याच्याकडे नाशिकला आली, तेव्हा त्यानं तिलाच साहेब केलं. दुपारी जेवणं आटोपली की ती खाटेवर पाय पसरून बोलायची आणि हा कॉम्प्युटरवर टाइप करायचा. तिच्या माहेरच्या गोष्टी, म्हणी, कांदा साठवायच्या चाळी, कुठल्या सासूनं कुठल्या सुनेला काय म्हटलं, मसाल्यात काय पडतं. पाच-सहा वर्षं हे चाललं. आई गेली तेव्हा त्या फोल्डरमध्ये साडेतीनशेच्या वर पानं होती. फोल्डरचं नाव साधंच, 'आई'. मी त्यातलं एक पानही वाचलं नव्हतं. दादानं दोनदा विचारलं होतं, "शालू, वाचतेस का?" मी म्हटलं होतं, "सवडीनं बघू." खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आपल्याबद्दल त्यात काय असेल याची.

दादाला बॅकअपचं वेड लागलं ते आई हयात असतानाच, आणि त्याला कारण त्याचीच एक चूक. सुरुवातीला तो सगळं सीडीवर उतरवून लोखंडी कपाटात ठेवायचा. काही वर्षांनी त्यातल्या निम्म्या सीडी नुसत्या घरघरायला लागल्या. मग कुणीतरी त्याला एक फुकटचं सॉफ्टवेअर दिलं. इकडे फोल्डरमध्ये काही बदललं की तिकडे बाहेरच्या डिस्कवर आपोआप तसंच होणार. दादा खूश. आठवडाभर येईल त्याला दाखवत होता. आणि एके दिवशी 'आई' नावाची दोन फोल्डरं दिसली म्हणून त्यानं एक जादा समजून पुसून टाकलं. पुसलं ते नेमकं खरं. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. इकडे पुसलं म्हणून त्यानं तिकडचंही पुसलं. कागदावर काढलेली जुनी पानं होती म्हणून बरं, ती पुन्हा टाइप करता आली. पण नंतरची चाळीसेक पानं गेली ती गेलीच. वहिनी सांगतात, हा टेबलावर डोकं टेकून बसला होता. आईला वाटलं याला चक्कर आली. काय झालंय ते कळल्यावर ती म्हणाली, "जाऊ दे भाऊ, मी आखो सांगस. मी कोठे जाई राहिनी?" आखो म्हणजे पुन्हा. आणि खरंच तिनं सगळं पुन्हा सांगितलं. फक्त दुसऱ्या खेपेला प्रत्येक गोष्ट निराळीच निघाली! पहिल्या वेळी जी सासू खाष्ट होती ती या वेळी गरीब गाय झाली. दादा मला फोनवर हसत हसत सांगत होता, पण त्या पहिल्या चाळीस पानांची हळहळ त्याच्या आवाजात शेवटपर्यंत राहिली.

त्यानंतर त्यानं जो अभ्यास केला, तो मुलगी बघायला जाणारेही करत नसतील. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत कुणाचा जावई कॉम्प्युटरवाला निघाला की हा त्याला गाठायचा. एका सॉफ्टवेअरची फार वाहवा होती, पण ते सगळ्या फायली गिळून स्वतःचं एकच गाठोडं बांधायचं. "उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तर गाठोडं सोडणार कोण?" म्हणून ते बाद. इंटरनेटवर ठेवावं तर त्याचा पासवर्ड, त्या पासवर्डसाठी मोबाइलवर येणारा नंबर, आणि मोबाइल कुणाच्या हातात असेल काय सांगावं, म्हणून तेही बाद. डिस्कलाच कुलूप घालायची सोय होती. त्यावर तो म्हणाला, "आईच्या बोलण्याला कुलूप कशाला? चोरानं वाचलं तर त्याचंच भलं होईल." त्याची कसोटी एकच होती आणि ती तो उघड बोलून दाखवायचा, "मी नसताना सुमनला आणि शालूला उघडता आलं पाहिजे." सुमन म्हणजे वहिनी. शेवटी त्यानं एक साधंसं सॉफ्टवेअर निवडलं. ते फायली जशाच्या तशा उतरवायचं, आणि एखादी फाइल बदलली किंवा पुसली तरी जुनी प्रत तारीख घालून बाजूला ठेवायचं. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी टेबलावरच्या डिस्कवर. आणि तिसरी घराबाहेर, कारण चोर आला किंवा आग लागली तर दोन्ही एकदमच जायच्या. घराबाहेर म्हणजे कुठे? तर सिन्नरला, माझ्या कपाटात.

दर महिन्याला दादा एसटीनं सिन्नरला यायचा. टेबलावरची डिस्क रुमालात गुंडाळून पिशवीतून आणायची, माझ्या कपाटातली न्यायची, पुढल्या महिन्यात उलट. मी चिडवायची, "दादा, बहिणीला भेटायला येतोस की डिस्कला?" तो चहाचा कप खाली न ठेवता म्हणायचा, "डिस्कला. तू वाटेत लागतेस." असा महिन्याच्या महिन्याला भाऊ घरी येतो हे सुख मला त्या वेळी पुरतं कळलं नाही. आता एसटी स्टँडवरून जाताना कळतं... आणखी एक नेम होता त्याचा. "परत काढून बघितल्याशिवाय बॅकअप झाला म्हणू नये," असं म्हणायचा आणि नेलेल्या डिस्कवरची एखादी फाइल घरी गेल्यावर उघडून बघायचा. न चुकता. फक्त बघायचा ती स्वतःच्याच कॉम्प्युटरवर. एवढा काटेकोर माणूस, पण हे ना त्याच्या लक्षात आलं ना आमच्या.

दिवसकार्य आटोपल्यावर आठवड्यानं वहिनींनी कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळाच राहिला, आतून नुसती टिकटिक. त्या आठवड्यात त्यांच्या भागात विजेचा दाब फार वरखाली झाला होता, दोन घरचे टीव्हीही गेले होते. टेबलावरची डिस्क जोडलेलीच होती, तीही त्यातच गेली. दुरुस्तीवाल्यानं दोन्ही उघडून बघितलं आणि मान हलवली. वहिनींचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, माझ्याकडे आहे ना तिसरी." त्या दुसऱ्याच दिवशी सिन्नरला आल्या. दादाला मूलबाळ नाही. आम्ही दोघीच काय त्या. कपाटातून डिस्क काढली, माझ्या लॅपटॉपला जोडली. कुलूप नाही, पासवर्ड नाही. 'आई' फोल्डर दिसलं. वहिनींनी हात जोडले. मी पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर आले इंग्रजी अक्षरांचे ढिगारे, मध्ये कंस, डॉलर, प्रश्नचिन्हं, कुठल्या देशाच्या नाण्याची खूण. दुसरी उघडली, तीच तऱ्हा. सगळ्या फायली तशाच. वहिनी हळूच म्हणाल्या, "शालूताई, हे असं काय दिसतंय?" सिन्नरमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं तर तिथला माणूस बघताक्षणी म्हणाला, "मॅडम, फाइल करप्ट हे. गेलं समजा." मी त्या दुकानाच्या पायरीवर बसले ती मला उठवेचना. दादा गेल्याचं दुःख होतंच, पण ते निसर्गाचं होतं. हे मात्र मला शिक्षा झाल्यासारखं वाटलं. आईला बोलू दिलं नाहीस ना, मग आता वाच काय वाचायचं ते.

तिथे वहिनींना सलीमभाई आठवले. जुन्या नाशकात त्यांचा लग्नपत्रिका छापायचा छोटा छापखाना आहे. दादा निवृत्तीनंतर त्यांच्या पत्रिकांचं शुद्धलेखन तपासून द्यायचा. 'शुभाशीर्वाद'मधली वेलांटी कधी दीर्घ कधी ऱ्हस्व यावरून दोघांचे तंटे व्हायचे. त्यांना दाखवून काय होणार, असं मला वाटत होतं. पण वहिनींचा शब्द मोडवेना म्हणून गेले. पत्रिकांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत सलीमभाईंनी आम्हाला बसायला जागा केली, दादाची आठवण काढली, आणि डिस्क जोडली. तोच कचरा पडद्यावर आला. मी नजर फिरवली. सलीमभाई मात्र चष्मा वर सरकवून हसले.

"ताई, कोण बोललं खराब आहे? एकदम ओके माल आहे हा. आपली रोजचीच भाषा आहे."

"अहो, पण हे इंग्रजी..."

"इंग्रजी नाही ओ. हा जुना मराठी फॉन्ट आहे. तो तुमच्या लॅपटॉपात नाही, आणि इथं मी अजून निवडला नाही, म्हणून बाराखडीचे कपडे उतरलेले दिसतायत. दिनकरभाऊंना नवा कीबोर्ड कधी जमलाच नाही. टाइपरायटरवर जिथं बोट पडायचं तिथंच अक्षर पाहिजे त्यांना. मीच दिला होता त्यांना हा फॉन्ट, किती वर्षं झाली. पत्रिकेसाठी आम्ही अजून तोच वापरतो."

म्हणजे दादानं सगळं जपलं होतं, आईचा शब्दन् शब्द तीन ठिकाणी ठेवला होता, आणि तो शब्द ज्या लिपीचं सोंग घेऊन बसला होता तो फॉन्ट मात्र डिस्कवर उतरवायचा राहिला होता. मी नसताना उघडता आलं पाहिजे म्हणणाऱ्या माणसाची ही गफलत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं, वहिनींनाही आलं. सलीमभाईंनी सगळा मजकूर निवडला, वरच्या यादीत एका नावावर टिचकी मारली, आणि पडद्यावर एकाएकी मराठी उभी राहिली. तीही 'आमचे येथे श्रीकृपेकरून' छापतात त्याच ठसठशीत, वळणदार अक्षरात. आईचं बोलणं जणू कुणाच्या लग्नाला निघालं होतं.

सलीमभाई खाली खाली सरकवत होते. शोधायच्या चौकटीत काय टाकू, असं त्यांनी विचारलं तेव्हा वहिनी माझ्याआधी म्हणाल्या, "शालू टाका." मला नको म्हणायला वेळच मिळाला नाही. एका पानावर पडदा थांबला. मी वाचलं. 'मनी शालू मास्तरीन शे. तिले मनं बोलनं आवडस नही. ती येस तवय मी नीट बोलस.' ती येते तेव्हा मी नीट बोलते, इथे मला पुढे वाचवेना. वहिनींनीच पुढची ओळ मोठ्यानं वाचली, देवळ्याच्या नसूनही बऱ्यापैकी नीट वाचली. 'मना राग नही. पोर शिकेल शे, चांगलं शे. ती बोलस ते मी आयकस, मले ते पन गोड लागस.'

राग नाही. ती बोलते ते मी ऐकते, मला तेही गोड लागतं. इतकी वर्षं ज्या पानाला मी घाबरत होते, ते हे होतं. माझा पदर डोळ्यांकडे गेला, आणि तेवढ्यात सलीमभाई घाईघाईनं म्हणाले, "ताई, थांबा थांबा. आधी कॉपी करून घेऊ, फॉन्टसकट. मग रडा सावकाश."

मी डोळे पुसले. त्यांनी फॉन्ट 'आई' फोल्डरमध्ये टाकला, पूर्ण फोल्डर वहिनींच्या पेनड्राइव्हवर उतरवलं, एक प्रत स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवली. हिरवी पट्टी हळूहळू भरत होती आणि आम्ही तिघं तिच्याकडे टक लावून बसलो होतो. भरली. सलीमभाईंनी तो पेनड्राइव्ह काढून बाजूच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, ज्यावर हा फॉन्ट नव्हता. फोल्डरमधला फॉन्ट त्यावर चढवला, फाइल उघडून यादीतून तो निवडला, आणि तिथंही पहिल्याच ओळीत आई 'शे' म्हणाली.

"आता झालं," सलीमभाई म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले. मग वहिनी आणि मी, कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून, हात हातात घेऊन मनसोक्त रडलो.