उताणी निजलेली तिघं

लेकीला तिळं झाल्याची बातमी नागपुरात पोचली तेव्हा शेजारीण म्हणाली, "तीन तिगाडा, काम बिगाडा." चंदाबाईंनी तिथल्या तिथे तिचं तोंड बंद केलं. "तिगाडा तुझ्या घरी! आमच्याकडे बुद्ध, धम्म, संघ आलेत."

बाई होत्याच तशा. सगळी नोकरी पोरांना शाळेत गप्प बसवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या प्रत्येक बाळाचं तेल-पाणी त्यांच्याच हातून झालं. मोहरीच्या उशीशिवाय बाळाचं डोकं गोल होत नाही, यावर त्यांचा जेवढा विश्वास तेवढा कुठल्या सरकारवरही नव्हता. इंग्लंडात लेकीकडे, ब्रॅकनेलला निघताना बॅगेत तीन उशा, तीन गोधड्या, तीन कानटोप्या भरल्या.

कल्याणीने ते सगळं कपाटात ठेवून दिलं. "आई, प्लीज. बाळांच्या कॉटमध्ये यातलं काही नाही ठेवायचं."

"तू याच उशीवर वाढलीस."

"हो गं. पण ही तिघं घाई करून आलीत."

बाळांना बघायला घरी येणारी सरकारी नर्स, हेल्थ व्हिजिटर मायकेला, निघाली मूळच्या अलिबागच्या ज्यू घरातली. मराठी मोडकं, पण मायेचं. उशी हातात घेऊन हसली. "आमचा आजी पण हाच उशी करायचा. छान आहे. पण कॉटमध्ये नो. नाक दबला तर बाळ मान वळवू शकत नाही. घरात टोपी पण नको, त्यांची गरमी डोक्यातून बाहेर जातो. आणि आजी, तुम्ही बाळ घेऊन सोफ्यावर झोपायचं? नेव्हर!"

चंदाबाईंनी मान डोलावली आणि अपमान गिळला. पण खरं दुखणं वेगळंच होतं. जावई सुहास ऑफिसला गेला की घरात मायलेकी दोघीच, आणि कल्याणी आईवर बाळं सोपवून झोपायला तयार नव्हती. पाठ टेकली की पाच मिनिटांत उठायची. आईने बाळाखाली काही सरकवलं तर नाही ना, ते बघून जायची. डोळे खोल गेले होते, बोलताना शब्द विसरत होती. पोटच्या पोरीचा आपल्यावर भरवसा नाही, हे चंदाबाईंना आतून खात होतं.

एका दुपारी कल्याणी जेवता जेवता ताटावरच पेंगली. आईने तिला दटावून खोलीत पाठवलं. तेवढ्यात अक्षया कुरकुरली, तिघांतली सगळ्यांत बारकी. चंदाबाईंनी तिला उचललं आणि सोफ्यावर बसून छातीशी धरलं. पोर शांत झाली. तिची ऊब लागली, प्रवासाचा शीण अजून अंगात होताच, आणि बाईंची मान कधी कलंडली ते त्यांनाच कळलं नाही.

दचकून जाग आली तेव्हा अक्षया घसरून सोफ्याच्या खाचेत गेली होती आणि नाकावर पदराचा बोळा. चंदाबाईंनी तिला झटक्यात उचललं. पोरीने तोंड वाकडं करून भोकाड पसरलं, आणि त्या रडण्याइतकं गोड गाणं बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यांनी तिला कॉटमध्ये उताणं ठेवलं, पाय खालच्या टोकाला टेकवून, पांघरूण बगलेखाली खोचून. बाजूच्या कॉटमध्ये दोघे भाऊ दोन टोकांना पाय करून निजले होते, मधोमध डोक्याला डोकं, जणू काही खलबत चाललं होतं. चेहऱ्याजवळ कुणाच्याच काही नव्हतं. अक्षयाची छाती भरभर हलली, थांबली. चंदाबाईंचाही श्वास थांबला. मग ती छाती पुन्हा आपली आपण उचलली. न शिकवता, न सांगता! इतक्या बाळांना न्हाऊ घातलं, पण श्वास बघत अशा त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. सुपारीएवढं काळीज, आणि केवढा हा खटाटोप जगण्याचा! त्यांनी नकळत हात जोडले.

"आई! ठीक आहेत ना?" कल्याणी धावत आली होती.

चंदाबाईंना गप्प बसता आलं असतं. घरात दुसरं कोण होतं बघायला?

"मला सोफ्यावर डुलकी लागली. अक्षया जवळ होती. तोंड पदरात गेलं होतं तिचं."

कल्याणी पांढरी पडली. वाकून तिघांवरून हात फिरवला.

"परत डोळा जड झाला ना, तर आधी तिला खाली ठेवीन आणि तुला हाक मारीन," चंदाबाई म्हणाल्या. "लाज धरणार नाही."

"तू लपवलं नाहीस. आता झोपते मी," कल्याणी म्हणाली. मग कॉटकडे वळून न बघता आत गेली, आणि सुहास घरी येऊन उठवीपर्यंत गाढ झोपली.